टॅग दिसला, पण प्रथिन दिसलं का?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याला आणि आतल्या गल्ल्यांत दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब यांची दाटी आहे. सकाळी तिथे रक्त देऊन गेलेल्या माणसाला संध्याकाळी थायरॉइडचा रिपोर्ट मिळतो. त्यातला टीएसएचचा आकडा दोन अँटिबॉडींनी मिळून काढलेला असतो. एक अँटिबॉडी टीएसएचचा रेणू एका जागी धरून ठेवते, दुसरी त्याच रेणूच्या दुसऱ्या जागी चिकटते, आणि दुसरीला जोडलेलं रसायन उजेड देतं. उजेड मोजला की हार्मोन मोजलं. रक्तात हजारो प्रकारची प्रथिनं असताना नेमकं एकच निवडायचं, ही अँटिबॉडीची खरी कमाई.

तिथून सायबर चौक ओलांडून विद्यापीठाच्या रस्त्याला लागलं की काम तेच असतं, पण अडचण बदलते. टीएसएच जगभर मोजलं जातं, त्यामुळे त्याच्या अँटिबॉडी तयार मिळतात. एखाद्या विद्यार्थिनीने मातीतल्या जिवाणूतून उचललेल्या जनुकाचं प्रथिन मात्र जगात आणखी कुणी पाहिलेलंही नसतं. त्याच्यासाठी अँटिबॉडी कुठून आणायची? ससा पाळायचा, त्याला प्रथिनाची इंजेक्शनं द्यायची, महिनोन्‌महिने थांबायचं. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नोंदणी आणि नीतिसमितीची मंजुरी हवी. शिवाय सशाला टोचायलाच आधी शुद्ध प्रथिन लागतं, आणि तेच तर हातात नसतं.

हा गुंता सोडवण्याची युक्ती गेल्या चाळीस वर्षांत इतकी रुळली आहे की आज पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना ती युक्ती वाटतच नाही. आपल्या जनुकाच्या टोकाला एक छोटा, ओळखीचा तुकडा जोडायचा. पेशी दोन्ही मिळून एकच सलग प्रथिन बनवते. अँटिबॉडी त्या ओळखीच्या तुकड्याची घ्यायची. ती बाजारात मिळते. या तुकड्याला टॅग म्हणतात, आणि सगळ्या जोडणीला जोडप्रथिन किंवा फ्यूजन प्रथिन. प्रथिन कुठलंही असो, अँटिबॉडी एकच. या सोयीने काय दिलं, ती कुठे दगा देते आणि आपल्याकडच्या मध्यम बेताच्या प्रयोगशाळेने यातलं काय घ्यावं, याचा हा आढावा.

१९७५ साली केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा तयार केला. अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडली, आणि एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तितकी मिळू लागली. पुढे १९८४ मध्ये त्यांना नील्स यर्न यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच साली त्याच प्रयोगशाळेतून शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी फळमाशीच्या एका प्रथिनाला परक्या पेप्टाइडची शेपटी लावून ते अँटिबॉडीने शोधून दाखवलं. टॅगचा हा पहिला ठसठशीत प्रयोग.

मग तुकडे धडाधड जमत गेले. फ्लूच्या विषाणूवरच्या हीमॅग्लुटिनिन प्रथिनातले नऊ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारी १२सीए५ ही अँटिबॉडी होती. तिच्यापासून एचए टॅग झाला. मिक या कर्करोगाशी नातं असलेल्या प्रथिनासाठी १९८५ मध्ये ९ई१० हा क्लोन बनला. त्याच्यावरून मिक टॅग आला. दोन्ही ठिकाणी अँटिबॉडी दुसऱ्याच कामासाठी बनवलेली होती, टॅग म्हणून तिचा उपयोग नंतर सुचला. १९८८ साल तर गजबजलेलंच म्हणायला हवं. सिएटलच्या इम्युनेक्स कंपनीत टॉमस हॉप आणि सहकाऱ्यांनी फ्लॅग टॅग मांडला. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड स्मिथ आणि केव्हिन जॉन्सन यांनी जीएसटी हे सुमारे २६ किलोडाल्टनचं अख्खं प्रथिनच टॅग म्हणून वापरलं. ते मूळचं शिस्टोसोमा या परजीवी कृमीचं. आणि त्याच सुमारास रोशच्या एरिक होखुली यांच्या गटाने सहा हिस्टिडिनांची शेपटी, म्हणजे हिस-टॅग, आणि निकेलचा कॉलम अशी जोडी जमवली.

यातला फ्लॅग मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. हॉप यांनी १९८१ मध्येच केनेथ वूड्स यांच्याबरोबर प्रथिनाचा कुठला भाग पाण्याकडे तोंड करून बाहेर राहील आणि अँटिबॉडीला दिसेल, याचा अंदाज बांधायची पद्धत दिली होती. फ्लॅगची आठ अमिनो आम्लं त्याच हिशेबाने निवडली: बहुतेक विद्युतभारित, पाण्यात रमणारी, म्हणून प्रथिनाच्या घडीत दडून न बसणारी. शिवाय शेवटची पाच अशी की एंटेरोकायनेज नावाचं विकर नेमकं तिथेच कापतं. म्हणजे काम झालं की टॅग उतरवायचीही सोय.

आता अँटिबॉडीने शोध कसा लागतो ते जवळून पाहू, कारण चुका तिथेच होतात.

पेशी फोडून निघालेला प्रथिनांचा गाळा जेलवर वजनानुसार वेगळा करायचा आणि विजेच्या प्रवाहाने जेलमधून नायट्रोसेल्युलोजच्या पातळ कागदावर उतरवायचा. हा वेस्टर्न ब्लॉट. कागदाला प्रथिनं अंगभूतच चिकटतात, त्यामुळे अँटिबॉडीही कुठेही चिकटून बसेल. म्हणून आधी कागद पाच टक्के स्किम्ड मिल्क पावडरच्या द्रावणात तासभर हलवत ठेवतात. दुधातलं केसिन रिकाम्या जागा भरून टाकतं. गोकुळच्या जिल्ह्यात निदान या रसायनाचा तुटवडा नाही. मग टॅगची अँटिबॉडी हजार ते पाच हजार पट पातळ करून घालायची, धुवायचं, मग त्या अँटिबॉडीला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी घालायची. दुसरीला पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेलं असतं. ते रसायनावर क्रिया करून उजेड किंवा तपकिरी रंग देतं. कागदावर एक आडवी रेघ उमटते. हाच बँड. त्यावर शोधनिबंध उभे राहतात.

पण त्या रेघेचा अर्थ एवढाच की या वजनाच्या जागी टॅग आहे. त्यापुढचं ती काही सांगत नाही. राजारामपुरीत पत्ता सांगताना आधी गल्लीचा नंबर सांगतात. नंबर सापडला की गल्ली सापडते, पण घरात माणूस आहे का आणि तो हवा तोच का, ते दार वाजवल्यावर कळतं. टॅगची अँटिबॉडी आपल्याला गल्लीच्या तोंडाशी आणून सोडते.

टॅग पुढच्या टोकाला लावला असेल आणि पेशीने प्रथिन अर्धवटच बनवून सोडून दिलं असेल, तरी टॅग दिसणारच. मागच्या टोकाला लावला तर अर्धवट प्रथिनं दिसणार नाहीत, पण मग पुढचा भाग तुटून गेलेला असला तरी कळणार नाही. दोन्ही टोकांना वेगवेगळे टॅग लावून दोन अँटिबॉडींनी तपासणं, किंवा एक टॅगची आणि एक प्रथिनाच्या स्वतःच्या अंगाची अशी जोडी वापरणं, हाच भरवशाचा मार्ग. राजारामपुरीतल्या लॅबमध्ये टीएसएचला दोन जागी धरतात, तेही याच कारणाने.

त्याहून मोठी चूक रिकामी चाचणी न लावण्याची. ज्या पेशीत टॅगचं जनुक घातलेलंच नाही, तिचा गाळा त्याच ब्लॉटवर शेजारी लावायला हवा. तिथेही रेघ आली तर आपली रेघ खोटी. हिस-टॅगच्या अँटिबॉडींबाबत याची फार गरज पडते, कारण हिस्टिडिन ओळीने येणारी प्रथिनं निसर्गातही आहेत. ई. कोलाय या आपल्या रोजच्या जिवाणूतच स्लायडी नावाचं हिस्टिडिनांनी भरलेलं एक प्रथिन आहे. ते निकेलच्या कॉलमवरही हमखास उतरतं आणि जेलवर पंचवीस-सत्तावीस किलोडाल्टनच्या आसपास दिसतं. आपल्या प्रथिनाचं वजन तेवढंच असेल तर विद्यार्थी आनंदात आणि मार्गदर्शक निर्धास्त, अशी गंमत घडते.

शोधापेक्षा शुद्धीकरण जुनं आणि अधिक कष्टाचं काम. कोल्हापूरकरांना त्याची ओळख वेगळ्या वाटेने आहे. कापडाचे रंग जिवाणू आणि वनस्पतींकडून तोडून घेण्यावर शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. संजय गोविंदवार यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. इचलकरंजीसारखं कापडाचं गाव शेजारी असताना हा विषय आपसूक सुचणारा. रंग तोडणारी लॅकेससारखी विकरं मूळ जिवात जशी असतात तशीच शुद्ध करायची तर रस्ता पारंपरिक: अमोनियम सल्फेट घालून प्रथिनं साक्यात आणायची, डायलिसिसने मीठ काढायचं, मग विद्युतभारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवरून सोडायचं. प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जातो, आणि प्रत्येक प्रथिनाची कृती नव्याने बसवावी लागते. पण हातात येतं ते निसर्गातलं खरं प्रथिन, शेपटी नसलेलं. ही पद्धत मागास समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विकराचं काम मोजायचं असेल तर अंतिम कसोटी हेच मूळ प्रथिन असतं.

टॅगने या कृतीचा साचा केला. सहा हिस्टिडिनांचं वजन एक किलोडाल्टनही भरत नाही, आणि निकेलचा कॉलम अँटिबॉडी नसतानाही त्यांना धरतो. एक मिलिलिटर निकेल-रेझिनवर पन्नास मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन बसू शकतं. इमिडॅझोल वाढवत नेलं की ते सुटून येतं, आणि रेझिन धुऊन पुन्हा वापरता येतं. प्रथिन घडी बिघडून जिवाणूत गोळ्यांच्या रूपात साठलं असेल तर आठ मोलर युरियात विरघळवूनही हे चालतं. अँटिबॉडी त्या युरियात स्वतःच उलगडून जाईल. म्हणून जिवाणूत मिलिग्रॅमभर प्रथिन बनवायचं असेल तर हिस-टॅगला पर्याय शोधू नये. इथे अँटिबॉडीने शुद्धीकरण करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

अँटिबॉडीच्या कॉलमची खरी जागा वेगळी. फ्लॅगच्या एम२ अँटिबॉडीच्या रेझिनवर मिलिलिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच प्रथिन बसतं, आणि ते रेझिन महाग. पण माणसाच्या पेशीत, समजा एचईके-२९३ मध्ये, प्रथिन फार थोडं बनतं आणि भोवती हजारो इतर प्रथिनं असतात. तिथे निकेलवर कचराच जास्त गोळा होतो. एम२ मात्र एका फेरीत बरंचसं स्वच्छ प्रथिन देते. आणि ते सोडवताना घडीही बिघडवावी लागत नाही. फ्लॅगचंच मोकळं पेप्टाइड वरून ओतलं की ते अँटिबॉडीच्या जागा बळकावतं आणि प्रथिन सुटून खाली येतं. पेप्टाइड परवडत नसेल तर पीएच ३.५ चं ग्लायसिन वापरतात. पण वीस मिनिटांच्या आत काम उरकून खाली आलेलं प्रथिन लगेच ट्रिसने उदासीन करायचं, नाहीतर रेझिनही जातं आणि प्रथिनही. पेशी फोडायच्या द्रावणात डीटीटी घालायची अनेकांना सवय असते. इथे ती महागात पडते, कारण अँटिबॉडीच्या साखळ्या ज्या गंधकी बंधांनी एकत्र धरलेल्या असतात ते बंधच डीटीटी तोडतं, आणि हजारोंचं रेझिन एका फेरीत निकामी होतं. हे पुस्तकात कुठेतरी लिहिलेलं असतंच, पण प्रयोगशाळेत ते बहुधा नुकसान झाल्यावर वाचलं जातं.

एक प्रथिन आणखी कुणाकुणाशी हातमिळवणी करतं हे पाहायचं असेल तर टॅगच्या अँटिबॉडीने ते ओढून काढायचं आणि सोबत काय येतं ते पाहायचं. आधुनिक जीवशास्त्रातला मोठा हिस्सा या ओढण्यावर उभा आहे. १९८८ मध्येच एचए टॅगचा वापर करून यीस्टमधलं अ‍ॅडिनिलिल सायक्लेजचं संकुल असंच बाहेर काढलं गेलं. १९९९ मध्ये हायडेलबर्गला दोन टॅग एकापाठोपाठ वापरून दुहेरी शुद्धीकरणाची पद्धत बसवली गेली आणि त्यातून यीस्टच्या प्रथिन-संकुलांचे मोठे नकाशे निघाले. इथे एक हमखास खड्डा आहे. ओढणारी अँटिबॉडी स्वतःही नमुन्यात उतरते, आणि ब्लॉटवर तिच्या जड साखळीची रेघ पन्नास किलोडाल्टनला आणि हलक्या साखळीची पंचवीसला येते. आपलं प्रथिन तेवढ्याच वजनाचं असेल तर ते त्या जाड रेघेखाली गायब. ओढायला उंदराची आणि शोधायला सशाची अँटिबॉडी घेतली की बराच त्रास टळतो.

आता टॅगच्या खोड्या. त्या सगळ्या मोजत बसलो तर अंक पुरणार नाही. ज्यांनी निष्कर्षच उलटतो अशा काही सांगतो. पेशी आत्महत्येच्या वाटेवर असताना कॅस्पेज विकरं एचए टॅगच कापतात आणि अँटिबॉडीला तो दिसेनासा होतो, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे औषध दिल्यावर आपलं प्रथिन नाहीसं झालं असं ब्लॉट सांगतो, आणि प्रत्यक्षात नाहीशी झालेली असते ती फक्त शेपटी. कर्करोगावरच्या कामात एचए वापरणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. जीएसटी स्वभावाने जोडीने राहतं. त्यामुळे त्याला जोडलेलं एकटं प्रथिनही जोडीने वागल्याचा भास होतो. मिकची ९ई१० तशी सैल पकडीची, म्हणून यीस्टवाले लोक मिकच्या प्रती ओळीने तेरापर्यंत लावतात. तेवढी लांब शेपटी लावून प्रथिन पूर्वीसारखंच वागेल, हे गृहीत धरायला छाती लागते.

स्ट्रेप-टॅगची गोष्ट आपल्याला पुन्हा पॅथॉलॉजी लॅबकडे नेते. हा टॅग स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या सुधारित रूपाला बायोटिनच्या जागी चिकटतो. पेशींच्या माध्यमात बायोटिन असेल तर तेच जागा अडवतं, म्हणून आधी अ‍ॅव्हिडिन घालून ते बांधून टाकतात. नेमकी हीच अडचण माणसाच्या रक्तात येते. केस गळतीवर बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांची रक्तचाचणी स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरणाऱ्या यंत्रावर झाली तर टीएसएच खरोखरीपेक्षा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासणीला जाताना आपण बायोटिन घेतो हे लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगावं, एवढा या लेखातला घरगुती उपयोग.

टॅग निर्दोष असला तरी अँटिबॉडी निर्दोष असेलच असं नाही, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतली खरी खळबळ इथलीच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी ११० सहस्वाक्षऱ्यांसह नेचरमध्ये लिहिलं की संशोधनात वापरायच्या अँटिबॉडींचे क्रम ठाऊक असावेत आणि त्या जनुकावरूनच बनवाव्यात. निकृष्ट मालावर जगभर दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर पाण्यात जातात, असा त्यांचा अंदाज होता. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा तपासले, तर ३१.९ टक्क्यांत जादा साखळ्या बनत असल्याचं आढळलं. ज्या पेशीकडून एकच अँटिबॉडी मिळेल असा पन्नास वर्षांचा विश्वास, ती पेशी दोन-दोन बनवते! २०२३ मध्ये वायकॅरॉस या गटाने ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी तपासल्या. जनुकच काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवून तपासल्यावर निम्म्याहून अधिक अँटिबॉडी एका ना एका कामात नापास झाल्या. जनुकावरून बनवलेल्या सर्वांत बऱ्या ठरल्या.

टॅगच्या अँटिबॉडी या वादात तुलनेने सुस्थितीत आहेत. त्यांचं लक्ष्य ठरलेलं, क्रम ठरलेला, आणि जगभर रोज तपासलं जाणारं. म्हणून नव्या प्रथिनाच्या अँटिबॉडीवर अंधविश्वास ठेवण्यापेक्षा टॅग लावणं शहाणपणाचं, या मताचा मी आहे. पण मग रिकामी चाचणी न चुकता हवी.

सर्वांत उमेदीचा बदल उंटांकडून आला. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या हॅमर्स-कास्टरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंटाच्या रक्तात फक्त जड साखळ्यांच्या, हलकी साखळी नसलेल्या अँटिबॉडीही असतात. त्यांचं पकडणारं टोक एकटंच काम करतं आणि वजनाला पंधरा किलोडाल्टन, म्हणजे नेहमीच्या अँटिबॉडीच्या दहाव्या हिश्शाएवढं भरतं. याला नॅनोबॉडी म्हणतात. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला पकडणारी नॅनोबॉडी मण्यांवर बसवली की जीएफपी लावलेलं कुठलंही प्रथिन ओढता येतं, आणि पन्नास व पंचवीसच्या त्या त्रासदायक रेघाही येत नाहीत. २०१९ मध्ये आलेला अल्फा-टॅग तर नॅनोबॉडीसाठीच बेतलेला तेरा अमिनो आम्लांचा टॅग आहे.

यातून मलेरियाच्या लशींच्या कामालाही हातभार लागला आहे. मेंदूतल्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या शेवटची चार अमिनो आम्लं ओळखणारी एक नॅनोबॉडी आहे. ऑक्सफर्डच्या गटाने रक्तातल्या परजीवीविरुद्धच्या आरएच५.१ या लशीच्या प्रथिनाला त्याच चार अक्षरांची शेपटी, म्हणजे सी-टॅग, लावली आणि नॅनोबॉडीच्या कॉलमवर ते शुद्ध करून माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेलं. औषधात टॅग ठेवायला नियामक सहसा नाखूष असतात. चार अक्षरांची शेपटी त्यांच्याही पचनी पडली, कारण ती मुळातच माणसाच्या प्रथिनातली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर२१ ही मलेरियाची लस तर नखशिखांत जोडप्रथिन आहे. मलेरियाच्या परजीवीच्या सर्कमस्पोरोझोइट प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठप्रथिनाला जोडून यीस्टमध्ये बनवलेले हे कण. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. असल्या जोडणीत दोन्ही बाजू जागेवर आहेत का ते पाहायला एका टोकाला मलेरियाच्या तुकड्याची आणि दुसऱ्या टोकाला हिपॅटायटिसच्या प्रथिनाची अँटिबॉडी लावली की पुरतं. वर सांगितलेला दोन अँटिबॉडींचा नियम लशीच्या कारखान्यालाही तितकाच लागू. जाता जाता एक योगायोग: फ्लॅग घडवणाऱ्या इम्युनेक्सनेच पुढे एटानरसेप्ट हे संधिवातावरचं औषध आणलं. त्यात टीएनएफच्या ग्राहीला अँटिबॉडीचीच शेपटी जोडलेली आहे, आणि शुद्धीकरणही त्या शेपटीच्या आधाराने, प्रोटीन-एच्या कॉलमवर करता येतं. इथे टॅग हाच औषधाचा भाग होऊन रक्तात टिकून राहतो.

मग कोल्हापुरात बसून काम करणाऱ्याने काय करावं? अँटिबॉडीची एक इवलीशी कुपी पाच आकडी किमतीला येते, बहुधा परदेशातून, आणि ती थंडच राहिली पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा कोरड्या बर्फातली खोकी वाटेतच अडकून पडणं अटळ होतं. कुपी आली की लगेच छोट्या वाट्यांत विभागून गोठवावी. वारंवार वितळवली-गोठवली तर अँटिबॉडी गेलीच समजा. एवढं सांभाळूनही आपण विकत घेणारेच राहतो.

माझ्या मते यातून बाहेर पडायचा रस्ता नॅनोबॉडीत आहे, आणि तो आपल्या आवाक्यातला आहे. नॅनोबॉडी ई. कोलायमध्ये बनते. तिचे प्लाझ्मिड अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा भांडारातून शैक्षणिक संस्थांना मिळतात. तिला हिस-टॅग लावून निकेलवर शुद्ध करायची आणि अ‍ॅगॅरोजच्या मण्यांना जोडायची. ज्या विभागात एम.एस्सी.ची मुलं जिवाणूत प्रथिन बनवून निकेलवरून काढायला शिकतात, तिथे एवढी सामग्री आणि एवढं कसब आधीच आहे. एका सत्रात बनवलेली जीएफपीची नॅनोबॉडी वर्षभर पुरेल. पेशी लागल्या तर पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहेच, तिथून अनेक पेशीरेषा मिळतात. विद्यापीठाने आणि परिसरातल्या महाविद्यालयांनी मिळून असा एक सामायिक साठा ठेवला, त्याची नोंदवही ठेवली, तर लहान महाविद्यालयातल्या मुलालाही ब्लॉट आणि ओढणी दोन्ही करता येतील. यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. एक जबाबदार माणूस आणि उणे ऐंशीचा एक फ्रीझर लागतो.

आणि मार्गदर्शकांना एक विनंती. प्रबंधात अँटिबॉडीचं नुसतं नाव नको. क्लोन, कंपनी, लॉट क्रमांक, किती पातळ केली हे लिहून घ्या, ब्लॉट कापून न दाखवता अख्खा दाखवायला लावा. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक बोलावता, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा की टॅगची रेघ दाखवणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: टॅग नसलेल्या पेशींचा नमुना याच ब्लॉटवर कुठे लावलाय?